माझ्या वाटच्या बैठका

सामना संध्याकाळी असला, तरी वस्ताद आम्हाला जेवण जिरतं न जिरतं तोच तालमीत बोलवत. आधी अंगाला तेल, मग जोर, मग बैठका, आणि बैठका संपल्या असं वाटलं की पुन्हा बैठका. फरशी घामानं चिंब झाली की ते कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत आणि म्हणत, "आता पोरं तापली." मग आम्ही टांग्यांत कोंबून बसायचो आणि मैदान गाठायचो. फुटबॉल खेळायला निघालेल्या पोरांना आधी असं पिळून काढत असत, हे आज कोणाला सांगितलं तर तो हसतो. त्याच्याबरोबर मीही हसतो. पण माझं हसणं वरवरचं असतं. त्या बैठकांपायी एका माणसाचं काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि त्यातून माझं जे भलं झालं त्याची मला अजून लाज वाटते.

आमची तालीम जुन्या नाशकात, नदीपासून फार लांब नाही. तिथे फुटबॉल शिरला तो निव्वळ अपघातानं. देवळाली कॅम्पातल्या शिपायांनी टाकून दिलेला एक फाटका चेंडू कोणीतरी आणला, चांभाराकडून शिवून घेतला, आणि कुस्तीत हटकून चितपट होणारे आम्ही काही जण त्याच्यामागे धावायला लागलो. चितपट होणाऱ्यांचा मी पुढारी. वस्तादांनी आधी आम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या. मग एक दिवस बाजूला उभं राहून त्यांनी खेळ पाहिला, आणि आठवडाभरात ते फुटबॉलचेही वस्ताद झाले. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत. ऑफसाइडची शिट्टी झाली की पंच फितूर आहे, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत. पण मनानं सोन्यासारखा माणूस. स्वतःच्या घरचं दूध आमच्या पोटात ओतायचे. आणि खेळ म्हटला की व्यायाम आला, व्यायाम म्हटला की बैठका आल्या, हा त्यांचा हिशोब सरळ होता. "फुटबॉल म्हणजे पायांची कुस्ती," ते म्हणत. आम्हाला ते मनापासून पटायचं.

समोरचा संघ बहुतेक वेळा कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांचा असे. ते सामन्याआधी मैदानाभोवती रमतगमत एखादी फेरी मारायचे, पाय झटकायचे, जागच्या जागी उड्या मारायचे, चेंडू एकमेकांकडे हळूच सरकवायचे. आम्ही कडेला बसून खिदळायचो. अशानं अंग तापतं होय? आमच्या मांड्या तेव्हा तेलानं चकाकत असायच्या आणि आतून थरथरत असायच्या. थरथर म्हणजे जोर, असं आम्ही समजत होतो. मग ते आम्हाला झोडपून काढायचे आणि त्याचं कारण आम्ही त्यांच्या बुटांत शोधायचो, खाण्यापिण्यात शोधायचो, पंचात तर शोधायचोच. बैठकांवर संशय घ्यायचं आमच्या डोक्यातही आलं नाही.

तालमीचा आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं पुढे त्याच्यावरच गेलं. कोणी आजारी पडला किंवा परगावी गेला, तर त्याच्या वाटचा व्यायाम दुसऱ्या कोणीतरी उचलायचा. उचलला नाही, तर त्या माणसाला मातीत उतरता येत नसे. हे का, ते वस्तादांच्या वस्तादांना विचारायला पाहिजे होतं. कुस्तीचा हा रिवाज वस्तादांनी जसाच्या तसा फुटबॉलला लावला होता. सामन्याच्या बैठका भरल्या नाहीत, तर सामना नाही.

माझा मित्र आमचा राइट आउट होता, म्हणजे उजव्या कडेनं चेंडू घेऊन पळणारा. मी त्याच्या लगतचा, इनसाइड राइट. तो मुसलमान विणकराच्या घरातला. घरात दोन हातमाग होते आणि मंदीनं दोन्ही बसवून ठेवले होते. तो आमच्यासारखाच अनवाणी खेळायचा, पण धावायला लागला की बूटवाले शिपाईसुद्धा क्षणभर बघत राहायचे. मी एवढंच करायचो, की चेंडू त्याच्या पुढे रिकाम्या जागेत टाकायचा. पुढचं तो बघून घ्यायचा. गावात मला चांगला खेळाडू म्हणत ते त्याच्या पायांवर, हे मला कळत होतं आणि मी कोणाला सांगत नव्हतो.

त्या वर्षी नाशिकरोडच्या एका कारखान्यातल्या साहेबाला फुटबॉलचं वेड लागलं. त्याला कारखान्याचा संघ उभा करायचा होता आणि निवडलेल्या खेळाडूला तो पक्की नोकरी द्यायचा. त्याचा हेडक्लार्क तालमीत येऊन वस्तादांना सांगून गेला, की साहेब नाशिकरोडच्या मैदानावरचा पुढचा सामना बघायला येणार आहेत, उजव्या बाजूला एक माणूस पाहिजे, जागा एकच आहे. ती कोणाची, हे कोणी विचारलंही नाही. मित्राचं लग्न नांदगावला ठरल्यात जमा होतं. मुलीच्या बापाची अट एकच, मुलाला पक्की नोकरी पाहिजे. रिकाम्या मागापुढे बसणाऱ्याला मुलगी देणार नाही. ती मुलगी त्यानं नात्यातल्या एका लग्नात ओझरती पाहिली होती. तेव्हापासून तिच्या गावाचं नाव निघालं तरी हा कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. आम्ही त्याला छळायला मुद्दाम नांदगावच्या बाजारभावाची चौकशी करायचो.

माझं तसं काही अडलं नव्हतं. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं. दोन थोरले भाऊ गादीवर बसत आणि मी दारात उभा राहून माशा मारत असे. वडील मला रिकामटेकडा म्हणत, पण दोन वेळचं जेवण चुकत नव्हतं.

नेमकं सामन्याच्या दिवशी सकाळी घोटीला माझ्या भाच्याचं जावळ निघालं. बाळाच्या केसांना पहिली कात्री लागते तेव्हा ते मामाच्या मांडीवर असावं लागतं, आणि मामा मी. थोरल्या भावांना दुकान सोडवत नव्हतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की फुटबॉल हा शब्द माझ्या तोंडातच राहिला. मी वस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "मामा झालास, आनंद आहे. पण बैठका नाहीत तर खेळ नाही. साहेब येवो नाहीतर लाटसाहेब येवो."

मी बाहेर येऊन मित्रासमोर डोकं धरून बसलो. तो हसला. "जा तू बिनधास्त. दुपारच्या गाडीनं ये आणि थेट मैदानावर उतर. वस्तादांचं मी बघतो."

मला वाटलं, गोड बोलून म्हाताऱ्याला वळवणार असेल. त्यातलं त्याला काही येत नव्हतं, हे तेव्हा मला आठवायला हवं होतं.

घोटीला भाच्यानं माझ्या मांडीवर बसून असा गळा काढला की न्हावीही दमला. शेवटी पोरानं माझं धोतर भिजवलं आणि शांत झाला. मी उठायला लागलो तर बहिणीच्या सासूबाईंनी वाट अडवली. "जेवल्याबिगर जायाचं नाय. मामा हाय का कोन परका?" मी दोन घास पोटात ढकलले. बाकीचं बहिणीनं डब्यात भरून दिलं. स्टेशनवर धावतपळत पोचलो, गाडी मिळाली, आणि ती गाडी मेलला वाट द्यायला मध्येच एका आडरानात उभी राहिली. खिडकीबाहेर भाताची कापलेली शेतं होती. मी त्या शेतांवर दात ओठ खात बसलो होतो.

नाशिकरोडला उतरलो तर एक टांगा नाही. सगळे सामन्याची माणसं घेऊन गेलेले. धोतराखाली खेळायची चड्डी होतीच. स्टेशनच्या भिंतीआड धोतर सोडलं, गुंडाळून बगलेत मारलं, एका हातात डबा धरला आणि निघालो. बाजारातून चड्डीवर पळत जायचं म्हणजे आमच्या घरच्या माणसानं अब्रू वेशीवर टांगण्यासारखं होतं. त्यात चहाच्या दुकानाशी वडिलांच्या ओळखीचे लासलगावचे एक कांद्याचे अडते बशी फुंकत उभे. त्यांची बशी तोंडापाशीच थांबली. मी मान खाली घालून त्यांच्या पुढून गेलो. थोडं पळायचं, धाप लागली की चालायचं, डब्यातली आमटी सांडायला लागली की हळू व्हायचं, मग पुन्हा पळायचं. उन्हं कलली होती. अर्ध्या वाटेत अंगाला बारीक घाम आला आणि गाडीत आखडलेले पाय मोकळे झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. मी मनातल्या मनात वस्तादांपुढे हात जोडत होतो.

मैदानावर पोचलो तेव्हा दोन्ही संघ उभे होते. वस्ताद कडेलाच होते. "आले मामासाहेब!" ते गरजले. बघायला आलेली माणसं हसली. मी धोतराचं बोचकं पाठीमागे लपवलं. वस्ताद माझ्या दंडाला धरून म्हणाले, "नशीब तुझं. तुझ्या वाटच्या भरल्या गेल्यात. उतर." कोणी भरल्या, हे विचारायच्या आत शिट्टी झाली.

पहिली काही मिनिटं मला वाटलं, आज मी स्वप्नात खेळतोय. चेंडूपाशी मी शिपायांच्या आधी पोचत होतो. वळावंसं वाटलं की पाय वळत होते. आणि आमचे बाकीचे दहा जण चिखलातून चालल्यासारखे चालत होते. सेंटर फॉरवर्ड तर चेंडू जवळून गेला तरी नुसती मान वळवत होता. मी नेहमीप्रमाणे उजवीकडे रिकाम्या जागेत चेंडू टाकला. मित्र झेपावला, तीन-चार पावलं गेला आणि मांडीला हात लावून थांबला. चेंडू रेषेबाहेर गेला. "लांब टाकलास जरा," तो हसत म्हणाला. चेंडू लांब पडला नव्हता. असल्या चेंडूवर तो एरवी पोचून वर माझी वाट बघत असे.

पुढचा मी आखूड टाकला. तोही त्याला मिळाला नाही. मग एकदा द्यायला कोणी नव्हतं म्हणून मीच चेंडू पुढे नेला, आणि वाट मिळत गेली म्हणून गोल झाला. खुर्चीवर बसलेल्या साहेबानं टाळ्या वाजवल्या. हेडक्लार्क त्याच्या कानाशी वाकला. मला त्या टाळ्या फार आवडल्या. खोटं कशाला बोलू?

मध्यंतरात लिंबाच्या फोडी चोखत आम्ही गवतावर पडलो. मी आमच्या गोलीला विचारलं, "आज सगळ्यांना झालंय काय?"

"होणार काय? साहेब येणार म्हणून वस्तादांनी सगळ्यांना दुप्पट लावल्या." त्यानं हनुवटीनं उजवीकडे दाखवलं. "आणि त्यानं स्वतःच्या दुप्पट संपवून तुझ्या दुप्पट मारल्या. शेवटी शेवटी खांबाला धरून बसत होता आणि खांबाला धरून उठत होता. वस्ताद स्वतः म्हणाले पुरे कर, तर हा ऐकेना."

मी वळून पाहिलं. सगळे गवतावर लोळत होते आणि तो एकटा गोलच्या दांडीला टेकून उभा होता. खाली बसलो तर उठता येणार नाही, हे त्याला कळलं असावं. मी उठून त्याच्याजवळ गेलो.

"कशाला मारल्यास रे माझ्या?"

"मग मला चेंडू कोण देणार होतं? तुझे वडील?" त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "काळजी नको करू. अंग मस्त तापलंय. आता बघ तू, कसा सुटतो."

बोलताना त्याची पोटरी कातडीखाली आपोआप उडत होती. ती मला दिसू नये म्हणून त्यानं पाय मागे घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतरानंतर मी ठरवलं, येईल तो चेंडू त्यालाच द्यायचा. साहेबाला तो दिसला पाहिजे. नोकरी त्याची आहे, आपण फक्त मध्ये उभे आहोत. मी एकामागून एक चेंडू त्याच्या पायाशी नेऊन दिले. एकदा त्याचा पाय चेंडूवरून घसरला. एकदा तो पळताना गुडघ्यावर आला आणि हातांनी रेटा देऊन उठला. एक साधा शिपाई, ज्याला तो महिन्यापूर्वी गोल गोल फिरवून बसवत होता, तो चालत येऊन त्याच्याकडून चेंडू काढून घेऊन गेला. लोक हसायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला घरी न्या!" मी जेवढे चेंडू देत होतो तेवढा तो साहेबासमोर उघडा पडत होता, आणि देणारा मी होतो.

मग मी त्याला चेंडू देणं थांबवलं. ते त्याहून वाईट झालं. तो हात वर करून मागत होता. "दे की! अरे, दे की!" इतक्या वर्षांत त्याला माझ्याकडे कधी चेंडू मागावा लागला नव्हता. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि डावीकडे वळलो. तिथूनच दुसरा गोल झाला. तोही मीच मारला. साहेब उठून उभा राहिला. सामना आम्ही हरलोच, पण नेहमीसारखी दुर्दशा झाली नाही, आणि लोक मला खांद्यावर घ्यायला आले. मी त्यांच्या हातांतून निसटायचा प्रयत्न केला. तोही फारसा जोरात केला नाही.

हेडक्लार्क साहेबाबरोबर आला आणि म्हणाला, "साहेबांनी तुम्हाला सोमवारी बोलावलंय." मित्र तेव्हा पलीकडे हौदावर पायांवर पाणी ओतत होता. वस्ताद माझ्या शेजारीच उभे होते.

मी हेडक्लार्कला म्हटलं, "साहेबांना सांगा, तो राइट आउट माझ्यापेक्षा दसपट चांगला आहे. आज त्याचे पाय भरलेत, म्हणून."

हेडक्लार्कनं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं काहीतरी विचारलं. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब विचारतात, सामन्याआधीच पाय कसे भरले? काय करत होता तो?"

मी तोंड उघडलं आणि शेजारी बघितलं. वस्ताद माझ्याकडेच बघत होते. पोरांसाठी घरचं दूध आटवून आणणारा तो माणूस. त्यांनी आम्हाला बैठका घातल्या म्हणून, असं मी त्यांच्या तोंडावर कसं सांगणार होतो? त्यांना त्यातलं इंग्रजी कळलं नसतं, पण मराठी कळलं असतं. मी म्हटलं, "तब्येत बरी नव्हती." साहेबानं खांदे उडवले. कारखान्याच्या संघात दर आठवड्याला तब्येत बरी लागते, असं हेडक्लार्कनं मला समजावलं आणि ते दोघे गेले.

ते गेल्यावर वस्ताद सगळ्यांना जमवून म्हणाले, "आज सगळ्यांचे पाय बसले. बैठका कमी पडल्या. पुढच्या खेपेला वाढवू." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "आणि हा बघा. याच्या वाटच्या दुसऱ्यानं भक्तिभावानं मारल्या, त्याचं फळ याच्या पायांत आलं." कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

लोक पांगल्यावर मी आणि मित्र मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली थांबलो. बसायचं तर त्याला जमेना. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून तो हळूहळू घसरत खाली आला, आणि खाली पोचल्यावर स्वतःच हसला. मी बहिणीचा डबा उघडला. आमटी निम्मी सांडली होती, पुरणपोळ्या शाबूत होत्या. आम्ही एका डब्यात खायचो. घरी कळू द्यायचं नाही, एवढं पथ्य दोन्हीकडे होतं.

"साहेब काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. पोळी त्याच्या तोंडात होती. ती त्यानं नीट चावून गिळली.

"बरं झालं," तो म्हणाला. "आपल्याच बाजूला राहिली ना." मग आणखी एक घास तोडत म्हणाला, "म्हणजे माझ्या बैठका तुला लागल्या म्हणायच्या. वस्ताद म्हणतात ते खरंच असणार. मी मारताना तुझं नाव घेऊन मारत होतो."

तो चेष्टा करतोय असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"मी जात नाही सोमवारी," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? तू नाही गेलास तर तो मला घेणार आहे? दुसऱ्या तालमीतला कोणीतरी जाईल." त्यानं दुसरी पोळी उचलली. "नांदगावचं मी बघतो. मुलीच्या बापाला सांगीन, पुढच्या वेळी नोकरी मिळेल."

उठताना मला त्याला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं.

घरी वडिलांना आधीच कळलं होतं, कारण लासलगावचे अडते सामना बघायला थांबले होते आणि माझ्याआधी दुकानात जाऊन सांगून गेले होते. चड्डीचा विषय नोकरीपुढे कुठल्या कुठे गेला. मंदीच्या दिवसांत पक्की नोकरी, तीही रिकामटेकड्या पोराला! आईनं देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. नको म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर नुसती छातीच नव्हती असं नाही. मला जायचंही होतं. सोमवारी मी धुतलेलं धोतर नेसून गेलो.

कारखान्याच्या संघाला एक निवृत्त सुभेदार शिकवायला होता. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला मैदानाभोवती सावकाश पळायला लावलं. थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा पळा. मग पाय झटका, मग आखूड धावा, मग चेंडू. अंगाला बारीक घाम आला की तो म्हणायचा, "बस. आता खेळा." मी दमायला तयार होऊन गेलो होतो, पण तो आम्हाला दमूच देईना. मी विचारलं, "बैठका?" तो म्हणाला, "सामन्याआधी? दोन दिवस आधी बंद. पायातला जोर मैदानावर पाहिजे, का आखाड्यात ठेवून यायचा?"

तिसऱ्या-चौथ्या फेरीत मला तो बाजार आठवला, हातातला डबा आठवला, आणि मी धावता धावता थांबलो. मागचा माझ्यावर आदळला. स्टेशनपासून मैदानापर्यंत मी जे केलं होतं ते नेमकं हेच होतं. मला कोणाच्या बैठका लागल्या नव्हत्या. मी उशिरा आलो, म्हणून वाचलो. आणि तो माझ्या बैठका मारून बुडाला. त्यानं माझ्यासाठी केलं नसतं, तर निदान नुसत्या स्वतःच्या बैठकांवर तो कसाबसा धावला तरी असता. सुभेदार विचारत होता, काय झालं. मी सांगितलं, काटा लागला.

हे त्याला सांगायचं मी दर आठवड्याला ठरवत होतो. आधी वाटलं, लगेच नको, जखम ताजी आहे. मग नांदगावहून निरोप आला. मुलगी एका रेल्वेतल्या फायरमनला दिली. मग तर जीभच उचलेना. तू मैत्री केलीस म्हणून तुझं लग्न मोडलं, हे कोणत्या शब्दांत सांगतात? मी त्याच्या गल्लीतून जायचं टाळायला लागलो. पगारातून घेतलेले कपडे अंगावर असले तर मुद्दाम लांबून जायचो.

पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या संघाचा नाशिकरोडला सामना होता. मी रेषेच्या आतून सावकाश पळत फेरी मारत होतो, आणि मैदानाभोवतीच्या दोरीपाशी तो दिसला. काखेत वळकटी, हातात पत्र्याची पेटी. मालेगावला एका नातेवाइकाकडे मागावर काम मिळालं होतं, तिकडे निघाला होता. गाडीला वेळ होता म्हणून बघायला आला, म्हणाला. तो वाळला होता. माझा रंगीत सदरा त्यानं दोन बोटांत धरून पाहिला, विणकराच्या सवयीनं, आणि म्हणाला, "कापड चांगलं आहे."

मग त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. तेल नाही, घाम नाही.

"काय रे, तुमच्याकडे बैठका नाही मारत?"

त्याच्या चेहऱ्यावर साधी चौकशी होती, दुसरं काही नाही. एवढे दिवस सांगायचं होतं ते सांगायला तोच मला वाट करून देत होता. पण ते सांगितलं असतं, तर माझ्यासाठी त्यानं जे केलं होतं, ज्याचा त्याला अजून अभिमान होता, तेवढंही मी त्याच्याकडून काढून घेतलं असतं. की मलाच त्याच्या तोंडाकडे बघत ते सांगायची लाज वाटली? मला आजही नक्की ठरवता येत नाही.

"मारतो की," मी म्हटलं. "आधीच मारून आलोय. आत, खोलीत."

"किती?"

"पुष्कळ."

"तरीच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "सोडू नकोस. आपल्या तालमीची आहे ती चीज."

शिट्टी झाली. त्यानं मला आत जायची खूण केली. मी पळत माझ्या जागेवर गेलो. पाय अगदी हलके होते.